दुसरी भाषा येते कशी?

ग्वाल्हेरचे तीन भाग: जुनं ग्वाल्हेर, शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं लष्कर आणि एकेकाळी इंग्रजांची छावणी असलेलं मुरार. इथल्या मराठी घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मग मूल सहज म्हणतं, ‘माझी पुस्तक दे.’ हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी! उलट महाराष्ट्रातून आलेला पाहुणा ‘मैं रोटी खाई’ म्हणतो. हिंदीत ‘मैंने’ हवं, पण मराठीत ‘मी पोळी खाल्ली’मध्ये ‘ने’ लागतच नाही.

अशा चुका का होतात? मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७मध्ये भाषेला सवय मानलं. त्या हिशेबाने चूक म्हणजे वाईट सवय. १९५९मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी हे खोडलं: माणूस कधी न ऐकलेली वाक्यंही रचतो. १९७२मध्ये लॅरी सेलिंकर यांनी ‘अंतरभाषा’ ही कल्पना मांडली. शिकणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही भाषांहून निराळं, बदलत जाणारं व्याकरण असतं. चूक हा त्याचाच पुरावा.

स्टीफन क्रॅशन म्हणतात, समजेल पण आपल्या पातळीच्या किंचित पुढचं असं सतत कानावर, डोळ्यांवर पडलं की भाषा येते. मेरिल स्वेन यांना मात्र कॅनडात दिसलं की फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकलेल्या इंग्रजीभाषक मुलांना समजतं छान, पण बोलताना व्याकरण अडखळतं. म्हणून १९८५मध्ये त्यांनी स्वतः बोलण्या-लिहिण्यावर भर दिला.

म्हणजे ग्वाल्हेरच्या घरात आजीने मराठीत विचारायचं आणि नातवाने हिंदीत उत्तर द्यायचं, एवढ्याने मराठी समजेल, पण बोलता येईलच असं नाही. त्याला मराठीतच बोलतं करावं. ‘माझी पुस्तक’ला रागावण्यापेक्षा ‘तुझं पुस्तक ना? हे घे’ म्हणावं.