सगळ्या टेस्ट पास, तरी 85 लाख कॉम्प्युटर बंद का पडले?

19 जुलै 2024. भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीनं विंडोज कॉम्प्युटरसाठी एक छोटी अपडेट फाईल जगभर पाठवली. थोड्याच वेळात जगभर निळे स्क्रीन दिसू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख कॉम्प्युटर बंद पडले. भारतात इंडिगोच्या प्रवाशांच्या हातात पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास आले. कंपनीनं 78 मिनिटांत फाईल मागे घेतली, पण तोवर बंद पडलेली बहुतेक मशीन्स माणसांनाच एकेक करून सुरू करावी लागली.

यात टेस्ट झाल्याच नव्हत्या, असं नाही. झाल्या होत्या आणि पासही झाल्या होत्या.

नेमकं काय चुकलं?

ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला ठरावीक माहिती देऊन उत्तर बरोबर येतं का, हे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्रॅम. सायबर हल्ले ओळखण्यासाठी क्राउडस्ट्राइकनं जे नवे नियम आणले, त्यांत 21 रकाने होते. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर 20 रकान्यांचीच माहिती पुरवत होतं. मात्र टेस्ट करताना 21व्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती. काहीही चालणार असेल, तर तिथे बघायची गरजच काय? त्यामुळे चूक असूनही टेस्ट पास होत राहिली. 19 जुलैच्या फाईलमधल्या एका नियमानं पहिल्यांदाच 21व्या रकान्यात नेमकी माहिती मागितली. ती नव्हतीच. प्रोग्रॅमनं मेमरीत हद्दीबाहेर वाचायचा प्रयत्न केला आणि विंडोजलाच घेऊन पडला.

मग चांगली टेस्ट कशी असते?

जी नापास होऊ शकते, ती. म्हणून अनुभवी प्रोग्रॅमर टेस्ट लिहिल्यावर मूळ कोड मुद्दाम बिघडवून बघतात. तरीही टेस्ट पासच होत असेल, तर ती शोभेची. हेच काम आपोआप करणाऱ्या पद्धतीला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात.

दुसरं म्हणजे चुका बहुधा काठावर लपतात. '18 वर्षं पूर्ण' ही अट तपासताना 35 वर्षांच्या माणसाचं उदाहरण घेऊन फारसं काही कळत नाही. वाढदिवसाचा दिवस आणि त्याचा आदला दिवस तपासायला हवा. जन्मतारीख रिकामी ठेवली तर काय होतं, हेही. प्रत्येक टेस्ट स्वतंत्र हवी, आधीच्या टेस्टनं मागे ठेवलेल्या माहितीवर अवलंबून नको.

सगळ्यात घातक मात्र आज पास, उद्या नापास होणाऱ्या लहरी टेस्ट. कोडमध्ये काहीच बदललेलं नसतं. कधी इंटरनेट मंद असतं, कधी घड्याळाचा घोळ असतो. चार वेळा 'लांडगा आला रे आला' झालं की पाचव्यांदा टीम ढुंकूनही बघत नाही. अशी टेस्ट लगेच दुरुस्त करावी, नाहीतर काढून टाकावी.

क्राउडस्ट्राइकनं पुढे काय केलं?

ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीनं कारणमीमांसेचा अहवाल जाहीर केला. प्रत्येक रकान्यासाठी 'काहीही चालेल' सोडून नेमकी माहिती मागणाऱ्या टेस्ट आणि रकान्यांची संख्या जुळते का याची तपासणी, असे बदल त्यात आहेत. शिवाय अशा फाईल आता सगळ्यांना एकाच वेळी न पाठवता टप्प्याटप्प्यानं पाठवल्या जाणार आहेत.