सात दिवसांची सहल ठरवताय? आधी जागा नको, वार ठरवा. देवनारचा मुक्काम ते कळसूबाईचा डोंगर, असा आहे पूर्ण बेत

बीड : सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, हातात चार पैसे आले की घरात विषय निघतोच, "एकदा पोरांना मुंबई दाखवून आणू." मग कुणी म्हणतं समुद्र बघू, कुणी म्हणतं जंगल बघू, म्हातारी म्हणते देव बघू. सगळं एका आठवड्यात बसतं का? बसतं. पण त्यासाठी ठिकाणांची यादी करण्याआधी कॅलेंडर हातात घ्यावं लागतं.

हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. दोन वर्षांमागे घरातले सहा जण मुंबईला गेलो आणि बुधवारी राणीबागेच्या दारात उभे राहिलो. बाग बंद! राणीबाग दर बुधवारी बंद असते, हे रिक्षावाल्यालाही माहीत होतं. फक्त आम्हीच कुणाला विचारलं नव्हतं. पुढे रविवारी हार्बर लाईनला मेगाब्लॉक लागला आणि अख्खी दुपार फलाटावर गेली. सात दिवसांतले दोन दिवस असे वाया गेले. वर्षातून, कधी कधी पाच वर्षांतून एकदा निघणाऱ्या घराला हे परवडत नाही.

म्हणून यावेळी बेत उलटा केला आहे. आधी वार, मग गाडी, आणि सगळ्यात शेवटी ठिकाण. सोमवारी निघायचं आणि रविवारी घरी यायचं.

सोमवारीच का निघायचं?

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. म्हणजे मुंबईतला सोमवार तसाही अर्धा वाया जातो, तो प्रवासात घालवा. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचे ब्लॉक असतात, त्या दिवशी आपण मुंबईत नसू. शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला मुंबई-नाशिक-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे भाव चढतात. आपण तिथून शनिवारी सकाळीच खाली उतरलेलो असू.

देवनारला मुक्काम, पण तीनच रात्री

देवनार म्हटलं की आपल्याकडच्या शेळीपालकाला बकरी ईदच्या आधीचा बोकडांचा बाजार आठवतो. 1971 साली सुरू झालेलं तिथलं पशुवधगृह सगळ्यांना ठाऊक आहे. पण देवनार-गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात मराठवाड्यातली पुष्कळ कुटुंबंही राहतात. कुणाचा भाऊ, कुणाची मावशी, कुणाचा मेव्हणा तिथे असतोच. हार्बर लाईनचं गोवंडी स्टेशन जवळ आहे, तिथून सीएसएमटीला गाडी न बदलता जाता येतं. त्यामुळे मुक्कामाला जागा सोयीची. फक्त बकरी ईदच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, रस्ते तुंबलेले असतात.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलू. मुंबईतलं घर म्हणजे आपल्या वाड्याची ओसरी नाही. एका खोलीत चार माणसं राहतात, पाणी ठरलेल्या वेळेला येतं, पुरुषमाणूस पाळीवर जातो. तिथे सहा पाहुणे आठवडाभर राहिले तर वहिनी तोंडाने काही बोलणार नाहीत, पण त्यांचे हाल होतात. म्हणून तीन रात्री पुरे. जाताना ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, तूरडाळ घेऊन जा. सकाळी पाण्याच्या वेळेत आपल्या आंघोळी लांबवू नका. आणि फोन करून "येऊ का?" असं विचारा, "येतोय" असं सांगू नका.

दिवस 1, सोमवार : बीड ते देवनार

सकाळची एसटी धरली तर संध्याकाळपर्यंत मुंबई येते. गाडी वाशी-मानखुर्दमार्गे जाणार असेल तर कंडक्टरला आधीच सांगून मानखुर्द किंवा चेंबूरला उतरा. पुढे दादरपर्यंत गेलात तर सामान घेऊन उलटं यावं लागेल, तेही गर्दीच्या वेळेला.

दिवस 2, मंगळवार : शहर

लोकलची गर्दी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन या वेळेत डब्यात चढू नका. अकरानंतर निघा. सीएसएमटीची इमारत बाहेरून नीट बघा, 2004 साली ती जागतिक वारसा यादीत आली. तिथून बेस्टच्या बसने गेटवे. साध्या बसचं किमान भाडं 10 रुपये आहे.

पुढे दोनपैकी एकच निवडा. लहान पोरं असतील तर राणीबाग, मंगळवारी ती उघडी असते आणि पेंग्विनही तिथेच आहेत. मोठी माणसं असतील तर घारापुरी. बोटीने एका बाजूला तासभर लागतो, म्हणजे अर्धा दिवस गेलाच, म्हणून त्या दिवशी घरून लवकर निघावं लागेल. दोन्ही करायला गेलात तर दोन्हीकडे पळापळ होते.

घरातून निघतानाच एक नियम ठरवा. गर्दीत कुणी फलाटावर राहिलं तर त्याने तिथेच थांबायचं. जे गाडीत चढले त्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. दोघंही शोधायला फिरले की चुकामूक वाढते. पोरांच्या खिशात नाव, मोबाईल नंबर आणि देवनारचा पत्ता कागदावर लिहून ठेवा.

दिवस 3, बुधवार : शहरातलंच जंगल

गोवंडीहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून बोरिवली. उद्यानाच्या गेटपासून कान्हेरीच्या गुंफा सहा-सात किलोमीटर आत आहेत. आत जायला वाहन काय मिळेल ते गेटवरच विचारा, म्हाताऱ्यांना चालवू नका. गुंफांचं तिकीट वेगळं असतं.

कान्हेरीत शंभरावर गुंफा आहेत, बौद्ध भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरलेल्या. पण आपण दुष्काळी भागातली माणसं, आपण तिथल्या पाण्याच्या टाक्या बघायच्या. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी खडकात खोदलेल्या पाटांनी वळवून गुंफेशेजारच्या टाक्यांत साठवलेलं आहे. आज आपण शेततळं म्हणतो, त्याचीच ही जुनी भावंडं. या उद्यानात बिबटेही राहतात, आणि चारही बाजूंनी वस्ती आहे. संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर या.

दिवस 4, गुरुवार : मुंबई ते भंडारदरा

पहाटे सहाच्या आत देवनार सोडा. कुर्ल्याला कसारा लोकल पकडा, दोन तासांच्या आसपास लागतात. सकाळची गर्दी मुंबईकडे येत असते, आपण उलट्या दिशेला जातो, त्यामुळे सामान घेऊन बसायला जागा मिळते. कसाऱ्याहून एसटी किंवा शेअर जीपने घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याकडे. वाटेत बारी गाव लागतं, कळसूबाईचा पायथा तो हाच. मुक्काम शेंडीला करा, धरणालगतचं गाव आहे.

घोटी सोडण्याआधी तीन कामं उरका. रोख पैसे काढा, मोबाईल चार्ज करा, या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. डोंगरात रेंज जाते आणि रेंज गेली की क्यूआर कोड नुसताच भिंतीला चिकटलेला राहतो.

दिवस 5, शुक्रवार : डोंगर

कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. सवय नसलेल्या माणसाला चढायला तीन-चार तास धरा. अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत. उजाडताच सुरुवात करा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि दुपारी बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा. देवीचं दर्शन राहिलं तर पुन्हा येता येतं. अंधारात शिडीवरून पाय सटकला तर मात्र पुढचं सगळंच अवघड.

ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना बीपी-दम्याचा त्रास आहे, त्यांनी चढू नये. त्यांच्यासाठी जीप ठरवून रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघा, दगडातलं कोरीव काम बघण्यासारखं आहे. जीपचं भाडं, थांबायचा वेळ आणि परतीचं ठिकाण बसण्याआधीच ठरवा.

हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, साडेतीनशे चौरस किलोमीटरहून मोठा. बिबट्या इथेही आहे. 2020 साली आपल्या आष्टी तालुक्यात काय झालं ते आपण विसरलेलो नाही. दिवस मावळला की पोरांना मुक्कामाच्या अंगणाबाहेर सोडू नका. अडचण आली तर 112 लावा.

पावसाळ्यात या भागाचे व्हिडीओ फार सुंदर दिसतात. पण ओला खडक, धुकं आणि गर्दी यांत म्हातारी माणसं, पोरं घेऊन जाऊ नका. सांदण दरीत तर पावसात उतरायचंच नाही. आपल्यासाठी दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा. थंडी मात्र कडक, स्वेटर आणि कानटोपी विसरू नका.

दिवस 6, शनिवार : आपल्या पाण्याचं गाव

"आम्ही खेड्यातलेच, आम्हाला खेडं काय दाखवता?" असं म्हणाल. थांबा.

भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांच्या काळातलं, 1926 साली पूर्ण झालेलं. ते प्रवरा नदीवर आहे. प्रवरा रतनगडावर उगम पावते, खाली निळवंडे धरणातून अकोले, संगमनेर करत प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिथून पाणी जायकवाडीत येतं. जायकवाडीच्या उजव्या कालव्याने ते गेवराईच्या शिवारातून माजलगाव धरणाकडे जातं. दुष्काळाच्या वर्षी "वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडा" म्हणून जो वाद होतो, त्यातलं वरचं धरण म्हणजे हेही. पोराला कड्यावरून पडणारं पाणी दाखवताना एवढं सांगा की यातलंच काही पाणी आपल्या जिल्ह्यात येतं. आणि इथल्या शेतकऱ्याशी बोला, त्याचंही म्हणणं ऐका. त्याच्या डोळ्यांसमोर धरण भरलेलं असतं आणि डोंगरावरच्या वाडीला उन्हाळ्यात टँकर लागतो.

इथली शेती आपल्यापेक्षा वेगळी आहे. भात, नाचणी, वरई, डोंगरउताराची खाचरं. याच अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बीज बँक उभी केली, त्यासाठी 2020 ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. घरचं बी विकत घ्यायची वेळ आलेल्या आपल्या भागाला हे बघण्यासारखं आहे. पण ते पर्यटनाचं ठिकाण नाही, कामाची जागा आहे. आधी विचारून, वेळ मिळाली तरच जा.

भंडारदऱ्याहून राजूरमार्गे अकोल्याला या. शेवटची एसटी किती वाजता, हे आदल्या दिवशीच दोन माणसांना विचारा, एक ड्रायव्हर आणि एक दुकानदार. मुक्काम अकोले किंवा संगमनेरला.

दिवस 7, रविवार : घरी

संगमनेर, अहिल्यानगर, मग आष्टीमार्गे बीड. 17 सप्टेंबर 2025 पासून अहिल्यानगर-बीड रेल्वेही सुरू झाली आहे, वेळ जुळली तर तिनेच या. या दिवशी बघायचं काहीच ठेवलेलं नाही, ते मुद्दाम. आधीच्या सहा दिवसांत कुठे गाडी चुकली, कुणाला ताप आला, तर हा दिवस अंगावर घेतो.

पैशाचा हिशोब असा करा

एसटीत महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, 75 च्या पुढे मोफत. ओळखपत्र जवळ हवं. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पासही मिळतो. पण आपल्या बेतात मंगळवार-बुधवार एसटीचा प्रवासच नाही. त्यामुळे आगारात पासची किंमत विचारा, आपल्या मार्गाच्या तिकिटांची बेरीज करा आणि मगच ठरवा. अर्ध्या तिकिटावर जाणाऱ्या बाईला पास बहुतेक महागच पडेल.

तंबू, खोल्यांचं बुकिंग रील बघून करू नका. स्वस्त दाखवून आगाऊ रक्कम घेऊन फोन बंद करणारे आहेत. आधी व्हिडीओ कॉलवर जागा दाखवायला सांगा, शक्यतो थोडेच पैसे आधी द्या. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर तक्रार नोंदवा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

जेवढा खर्च धराल त्याच्या वर पाचवा हिस्सा वेगळा बांधून ठेवा आणि तो घरातल्या बाईमाणसाकडे द्या. नाही लागला तर खताला येईल.

निघण्याआधी प्रत्येक ठिकाणची सुट्टी आणि वेळ एकदा फोन करून खात्री करून घ्या, सणासुदीला त्यात बदल होतो. आणि ही माहिती गावच्या ग्रुपवर पुढे पाठवा. बुधवारी राणीबागेच्या दारात आमच्यासारखं आणखी कुणी उभं राहायला नको.