हिशेबाच्या वहीत तिचे नाव



मागच्या अंकात वीटभट्टीवरील मुलांच्या वर्गाची माहिती दिली होती. ती वाचून मंडळीतील एका भगिनीने विचारले, "या मुलांच्या आया दिवसभर काय करतात?" उत्तर देताना मला आमचीच एक जुनी चूक आठवली. ती चूक, आणि तिच्यामुळे मला जे शिकावे लागले, ते आज सांगते.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात रायगड जिल्ह्यातील एका कातकरवाडीत आम्ही घरोघर पाहणी केली. कातकरी ही महाराष्ट्रात शासनाने आदिम म्हणून नोंदवलेल्या तीन जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. आमच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता. पुरुषांपुढे मी 'वीटभट्टी मजूर' असे लिहिले आणि बायकांपुढे 'घरकाम'. बायकांना मी विचारलेच नव्हते. एका घरात पुरुषाला विचारले, "आणि ही?" तो म्हणाला, "ती काय, माझ्याबरोबरच असते." मी 'घरकाम' लिहून पुढच्या घरी गेले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर वाडी रिकामी झाली आणि आमचे कार्यकर्ते मुलांसाठी भट्टीवर जाऊ लागले. तेव्हा 'बरोबर असते' याचा अर्थ कळला. भट्टीवर मजूर एकेकटा लागत नाही, जोडी लागते. मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता काम सुरू होते. माती भिजवणे, तुडवणे, गारा उचलून आणून देणे, नवऱ्याने थापलेल्या विटा उन्हात उलटणे, सुकल्यावर रचणे, डोक्यावर वाहून नेणे यात बाईचा हात सगळीकडे असतो. मध्येच ती पाणी आणते, भाकरी टाकते, अंगावरच्या मुलाला पाजते. मजुरी मात्र हजार विटांमागे ठरते आणि खाते एकच असते, नवऱ्याच्या नावाचे. पावसाळ्यातली उचल त्याच्या नावावर आणि दर आठवड्याची खर्चीही त्याच्याच हाती. ऊसतोडीतही असेच चालते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात.

त्या हंगामात एका बाईचा नवरा आजारी पडून वारला. हंगाम संपायला दोन महिने होते. तिने थोरल्या मुलाला हाताशी घेऊन काम पुढे चालू ठेवले. पाऊस तोंडावर आला तेव्हा ती हिशेबाला बसली. मुकादम म्हणाला, "खाते त्याचे होते. तो गेला, खाते संपले. पण उचल राहिली आहे, ती मुलाच्या नावावर घेतो." म्हणजे मजुरी मागताना ती कोणी नव्हती, पण कर्ज मात्र तिच्याच घरात राहिले.

आम्ही तिच्याबरोबर तक्रार घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारले, "ही बाई भट्टीवर काम करत होती याला कागद काय?" कागद शोधता शोधता माझ्या हाती आमच्याच पाहणीचा फॉर्म आला. त्यावर माझ्या अक्षरात लिहिले होते, 'घरकाम'. तो कागद मी परत पिशवीत ठेवला.

स्त्रीवादी अर्थशास्त्र हा शब्द मी पदविकेच्या अभ्यासात एकदा वाचला होता आणि परदेशी विद्यापीठांतला वाद म्हणून सोडून दिला होता. त्या दिवसानंतर मी तो पुन्हा वाचायला घेतला. या विचाराचे मूळ प्रश्न अगदी घरगुती आहेत. काम कोण करते? त्यातले कोणते काम मोजले जाते? आणि त्याचा पैसा कोणाच्या हातात पडतो?

अर्थशास्त्रातील एक जुने उदाहरण पाहा. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालीच दाखवून दिले होते की एखाद्या गृहस्थाने पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर देशाचे उत्पन्न कमी होते. चूल तीच, भाकरी तीच. पगार थांबला म्हणून काम हिशेबातून गेले. न्यूझीलंडच्या माजी खासदार मेरिलिन वेरिंग यांनी १९८८ मध्ये 'इफ विमेन काउंटेड' या पुस्तकात हा मुद्दा पुढे नेला. जे काम राष्ट्रीय हिशेबात नाही, त्याचा विचार योजना आखतानाही होत नाही, असे त्यांचे म्हणणे. हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आजही एक गंमत आहे. डोक्यावर हंडा घेऊन घरात पाणी आणले तर ते उत्पादन धरता येते. त्याच पाण्यात मुलांसाठी डाळ शिजवली तर ते उत्पादन नाही.

आपल्या देशातही हे मोजण्याचे प्रयत्न झाले. १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात शेतातील किंवा घरच्या धंद्यातील बिनपगारी काम धरावे, असे स्पष्ट लिहिले गेले, कारण त्याआधी अशा कितीतरी बायका 'काम न करणाऱ्या' ठरत होत्या. २०१९ मध्ये सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवसाकाठी घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ निघाल्या, पुरुष २६. कामे करणाऱ्यांत स्त्रियांचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. ही जवळजवळ पाच तासांची पाळी आहे, आणि भट्टीवरची बाई ती गाऱ्याच्या कामावर आणखी करते.

मग घरकामाला पगार द्यावा का? याबाबत स्त्रीवादी अभ्यासकांतही एकमत नाही. १९७० च्या दशकात युरोपात तशी चळवळ उभी राहिली. दुसऱ्या बाजूने असे म्हटले गेले की पगार दिला तर बाई चुलीशी आणखी घट्ट बांधली जाईल. डायान एल्सन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तीन पायऱ्या सांगितल्या: हे काम ओळखा, त्याचा भार कमी करा आणि ते वाटून घ्या. मला हा मार्ग आपल्या कामाला जवळचा वाटतो. वाडीत नळ आला, भट्टीजवळ पाळणाघर निघाले तर भार कमी होतो. नवऱ्याने हंडा उचलला तर तो वाटला जातो. पण पहिली पायरी ओळखण्याची आहे. तिला पैसे लागत नाहीत, फक्त पेन लागते.

कायदा काही ठिकाणी ही पायरी चढला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहित दावेदाराच्या वनजमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायला सांगितले. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे घातले; तिथे मस्टरवर प्रत्येकाचे नाव वेगळे असते. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ते अपघाताच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचेही उत्पन्न धरून भरपाई द्यावी, असे पुन्हा बजावले. २०११ च्या जनगणनेत सुमारे १६ कोटी स्त्रियांनी घरकाम हेच आपले मुख्य काम सांगितले होते आणि सुमारे ५८ लाख पुरुषांनी. हे आकडेही त्या निकालपत्रात आहेत.

मंडळीत हा विषय काढला की कोणी म्हणते, "बाई, हा स्त्रीवाद आपल्यात कशाला आणता?" मी त्यांना गणना या पुस्तकाचा २७ वा अध्याय वाचायला सांगते. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे आणि साऱ्या वडीलधाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात वाटा मागितला. मोशेने तो प्रश्न देवापुढे नेला, आणि उत्तर आले की त्या मुलींचे म्हणणे बरोबर आहे. शास्त्रात त्या पाचही जणींची नावे लिहिलेली आहेत. 'सलाफहादाच्या घरच्या' एवढ्यावर ते थांबत नाही.

त्या बाईचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. बऱ्याच फेऱ्यांनंतर मालकाने उचल सोडून दिली, त्यामुळे मुलगा कर्जातून सुटला. तिच्या दोन महिन्यांच्या कामाचे पैसे मात्र मिळाले नाहीत. कागद नव्हता.

आम्ही फॉर्म बदलला आहे. आता बाईचे काम बाईलाच विचारतो, आणि 'घरकाम' असा एकच शब्द लिहून थांबत नाही. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे आम्ही एक छोटी वही देतो. त्यात तिचे नाव, भट्टीचे नाव, दर, रोजच्या विटा आणि मिळालेली खर्ची लिहायची. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी वर्गातली मुले लिहितात. काही मुकादम वहीवर सही करतात, काही करत नाहीत. गेल्या हंगामात दोन जोड्यांच्या हिशेबातील फरक या वह्यांमुळे उघड झाला आणि भरून निघाला.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. या वह्यांसाठी आणि बायकांची बँक खाती उघडून देण्याच्या फेऱ्यांसाठी हातभार लावा. आणि आपल्या मंडळीची कुटुंब नोंदवही एकदा उघडून पाहा. शेतात राबणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या आपल्या भगिनींपुढे व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले आहे? तिथे 'काही नाही' असे असेल तर त्यांनाच विचारून दुरुस्त करा.

दिवाळीनंतर वाडी पुन्हा भट्टीवर जाईल. त्याआधी साठ वह्या तयार ठेवायच्या आहेत.