नेपल्सची बाई, माहेर भोकरदन

कोमोच्या कॅथेड्रलच्या दाराशी दोन्ही अंगांना दोन माणसं दगडात बसवली आहेत. मला वाटलं संत असतील. लेक म्हणाली, "आई, हे संत नव्हेत. प्लिनी नावाचे मामा-भाचे आहेत." इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, तळ्याकाठच्या या गावात जन्मलेले दोन रोमन. मामाने निसर्गाबद्दल ठाऊक असलेलं सगळं 37 भागांत लिहून ठेवलं. त्यात एके ठिकाणी तो कळवळून सांगतो, की हिंदुस्थान दर वर्षी आपल्या साम्राज्यातून निदान 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स हे त्यांचं नाणं. इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियस फुटला तेव्हा हा मामा आरमाराचा प्रमुख होता; नावा घेऊन लोकांना सोडवायला गेला आणि किनाऱ्यावरच मेला. ती हकिगत भाच्याने पत्रांत लिहिली.

"ते पैसे तिकडे कुणाच्या हातात पडले असतील गं?" लेकीने विचारलं.

"थोडे तुझ्या आजोळी," मी म्हटलं. तिला ते पटेना. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं, केळना नदीच्या काठचं. तीस वर्षं मी जालना जिल्ह्यात इतिहास शिकवला, तरी माझ्याच लेकीला हे सांगायचं राहून गेलं होतं.

लेक मिलानला असते. तिथून कोमो रेल्वेने तासाभरावर. जुन्या गावाला तट आहे, वेशीवर बाराव्या शतकातला उंच बुरूज. तळं एका नजरेत मावत नाही. दोन डोंगरांमधून वळत जातं आणि पुढे दिसेनासं होतं. काठावरून दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे डोंगरावरच्या ब्रुनाते गावी चढते, 1894 पासून. आम्ही रेल्वेने वर गेलो आणि चालत खाली आलो. दगड बसवलेली खेचरांची जुनी वाट. फाटा आला की कुठे दगडावर, कुठे झाडावर लाल-पांढरा पट्टा रंगवलेला. भाषा न येणाऱ्या बाईलाही वाट सापडावी एवढी काळजी त्या गावाने घेतली आहे. मला त्या गावाचा हेवा वाटला तो तळ्यासाठी नाही, त्या पट्ट्यांसाठी.

आणि रेशीम. कोमो शेकडो वर्षं रेशमावर जगलं. पूर्वी आसपास तुती होती, किडे पाळत. आता कच्चा धागा मुख्यतः चीनमधून येतो आणि इथे रंगतो, छापला जातो. दुकानातला रुमाल हातात घेतला आणि भावाचं शेड डोळ्यांपुढे आलं. तो तुती लावतो. पूर्वी कोष पोत्यांत भरून कर्नाटकात रामनगरला न्यायचा. जायला एक रात्र, यायला एक रात्र, आणि भाव पडला तरी माल परत आणायची सोय नाही. 2018 मध्ये जालन्याला रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली, राज्यातली पहिली. तेव्हापासून तो सकाळी निघतो आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो.

पण लेकीला पटवायला रेशीम पुरणार नव्हतं. त्यासाठी आम्ही नेपल्सला गेलो.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक हस्तिदंती बाई आहे. उंची साधारण वीतभर. 1938 मध्ये ती पॉम्पेईच्या एका घरात सापडली. त्या घराला आता 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणतात. पॉम्पेई 79 साली राखेखाली गेलं, त्याअर्थी ती त्याआधी तिथे पोचलेली होती. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र भरगच्च. हातभर बांगड्या, पायांत चढत गेलेले वाळे, पाठीवर लांब वेणी, दोन्ही बाजूंना शृंगाराचं साहित्य घेतलेल्या दोन छोट्या दासी. आमच्याकडच्या बाजारात येणाऱ्या लमाण बायकांचे हात पाहिलेल्या कुणालाही ते हात ओळखीचे वाटतील. मूर्तीत वरून खाली एक भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी, असं मानतात. सुरुवातीला लोकांनी तिला लक्ष्मी म्हटलं. पुढे ती यक्षी असावी, असं मत पुढे आलं.

ती कुठली, यावर बराच वाद झाला. कुणी मथुरेची म्हणालं. अफगाणिस्तानातल्या बेग्राम इथे सापडलेल्या हस्तिदंती कामाशीही तिचं साम्य आहे, आणि तिच्या पायाशी खरोष्ठी या वायव्येकडच्या लिपीतलं अक्षर आहे, तेव्हा ती उत्तरेकडून गेली असणंही शक्य आहे. पण भोकरदनच्या उत्खननात त्याच घडणीचं हस्तिदंती काम निघालं आणि म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञाने ही बाई भोकरदनचीच असावी, असं मत मांडलं. मी शिक्षिका आहे, वाद मिटला असं सांगणार नाही. पण काचेपलीकडे ती उभी होती आणि माझ्या तोंडून निघालं, "बाई, फार लांब दिलं गं तुला." लेकीने माझा हात धरला.

1973 मध्ये ते उत्खनन झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केलं, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. वडिलांनी सायकलवर पुढे बसवून मला नेलं होतं. चौकोनी खड्डे, कडेने ताणलेल्या दोऱ्या, ब्रशने माती झटकणारी पोरं. आमच्याकडे जुन्या वस्तीच्या मातीला पांढरी म्हणतात. शेतकरी ती खत म्हणून शेतात टाकत आले. तिच्यात खापरं निघतात, बांगड्यांचे तुकडे निघतात, हे आम्हा पोरांना ठाऊकच होतं. त्या खड्ड्यापाशी एकाने माझ्या तळहातावर एक मणी ठेवला, बघ म्हणाला, आणि परत घेतला. मण्याला भोक किती बारीक होतं, ते मला आजही आठवतं.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या भारहूत आणि सांची इथल्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. एवढ्या लांब जाऊन दान द्यायचं तर हातात पैसा हवा आणि पायाखाली रस्ता. दोन्ही होतं. सातवाहनांची राजधानी पैठण. तिथून उत्तरेला अजिंठ्याचा घाट उतरून उज्जैनकडे आणि भडोच बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव. एका ग्रीक नाविकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे, की पैठण आणि तेरहून माल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंत, तलम कापड. प्लिनीचे पैसे या वाटेने येत होते.

आता प्रत्यक्ष यायचं कसं ते सांगते. ऑक्टोबर ते जानेवारी या. मुक्काम जालन्याला करा आणि पहिली सकाळ जालन्यालाच द्या. सोळाव्या शतकात जमशेदखान नावाच्या अंमलदाराने इथे काळ्या दगडाची मशीद आणि सराई बांधली, गावाच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालून नळ घालून गावातल्या हौदांमध्ये पाणी खेळवलं. सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात. भरभराटीच्या दिवसांत शहराला पाच तलाव होते. 2013 च्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाला पंधरवड्याने पाणी यायचं, तेव्हा टँकरच्या रांगेत उभी राहून मी या जमशेदखानाची फार आठवण काढली. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलावही बघा. उताराने, विजेशिवाय त्याचं पाणी शहरात येतं. त्याच दुष्काळाच्या काळात लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो शेतांत नेला. भल्या सकाळी तिथे पाणपक्षी दिसतात.

भोकरदनच्या रस्त्यावर राजूरचा गणपती लागतो. अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून हजारो माणसं चालत राजूरला जातात, ठिकठिकाणी फराळ आणि चहा वाटला जातो. चालायची हौस असेल तर तीच रात्र निवडा. या रस्त्याला पट्टा रंगवावा लागत नाही. पुढच्या माणसाची पाठ दिसत असते.

भोकरदनला केळनेच्या काठी खडकात कोरलेलं लेणं आहे, लोक त्याला तुकाईचं म्हणतात. पांढरीच्या टेकाडावर आज वस्ती आहे. तिथे बघण्यासारखं थोडं आणि कल्पना करण्यासारखं फार आहे, हे आधीच सांगून ठेवते. मग उत्तरेला अन्वा गाठा. तिथलं महादेवाचं मंदिर मुळात विष्णूचं असावं. बाहेरच्या भिंतीवर विष्णूचीच आयुधं हातांत घेतलेल्या स्त्रिया कोरल्या आहेत, विष्णूच्या शक्ती. एकेकीपाशी थांबा. कमरेचा बाक, दागिन्यांची लड, वेणी बघा. नेपल्सच्या बाईत आणि यांच्यात हजारएक वर्षं आहेत. मला तरी त्या एकाच घरच्या वाटल्या. वाटेत दानापूरजवळ जुई नदीवरचं धरण आहे. भिंतीवर बसून भाकरी खायला त्यासारखी जागा नाही.

दुसरा दिवस असईसाठी ठेवा. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत केळनेच्या काठाने पसरला होता. समोरून आला इंग्रजांचा सेनानी आर्थर वेलस्ली. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. वाटाडे म्हणाले, पुढे नदीला उतार नाही. त्याला मात्र काठावर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड, आणि त्याने ताडलं की समोरासमोर गावं असतील तर मधे उतार असणारच. ही गोष्ट मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं हसायची, कारण ते त्यांच्या आज्यांनाही ठाऊक होतं. सोयरिकी त्या उतारावरूनच होतात. माझीही आत्या त्याच नदीपलीकडे दिली होती.

शिंदेंच्या पायदळाचा मुख्य सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन होता, पण तोफांपाशी मेलेले गोलंदाज आपले होते. इंग्रज पुढे सरकले तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि मागून मारा केला. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक मेले किंवा जखमी झाले. जखमींना अजिंठ्याच्या किल्ल्यात नेलं. म्हातारपणी वेलिंग्टनला विचारलं, लढाईत तुम्ही केलेलं सर्वांत उत्तम काम कोणतं, तर तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला. शेतात उभं राहून हे सांगताना माझा आवाज दर वेळी बसतो. ही जागा कुणी नीट राखावी, चार फलक लावावेत, उतारापासून संगमापर्यंतची वाट आखावी, असं मला मनापासून वाटतं. दोन तासांची वाट आहे. तुरीची शेतं, बाभळी, नदीतला काळा खडक.

लेक डिसेंबरात येते आहे. तिला मामा मोटारसायकलवरून पिंपळगावचा उतार दाखवणार आहे. पाणी घोट्याएवढं असलं तर चालत ओलांडायचं ठरलं आहे. मामाने तिला फोनवर सांगितलंय, येताना कोमोचा एक रुमाल आण. त्याला तो जालन्याच्या बाजारात दाखवायचा आहे.