व्हिडिओसाठी मेमरी कार्ड कसे घ्यावे?

मांडवात मंगलाष्टके संपतात. वाजंत्री वाजते, अक्षता पडतात, आणि नेमका त्याच वेळी कॅमेरा बंद पडतो. आता काय करायचे? अक्षता काही पुन्हा टाकता येत नाहीत. हल्ली गावोगावची पोरे कॅमेरा घेऊन लग्नाची कामे धरतात. त्यांचा तर त्या दिवशी पैसाही जातो आणि नावही जाते.

पुष्कळदा दोष कॅमेऱ्याचा नसतो, आतल्या कार्डाचा असतो. हे कार्ड पोस्टाच्या तिकिटाएवढे असते. चित्रण त्यात साठते. किती साठते ते जीबी या मापाने सांगतात. लोक तेवढेच बघून कार्ड घेतात.

पूर्वी विहिरीवर मोट होती. मोट थारोळ्यात पाणी ओती, तिथून पाटाने ते मळ्यात जाई. पाट अरुंद असला की थारोळे भरून सांडे. मग मळा पाच एकरांचा का असेना! कॅमेऱ्यातही असे लहानसे थारोळे असते. कार्ड हळू घेऊ लागले की ते भरते. कॅमेऱ्याला सांडता येत नाही, तो थांबतो.

म्हणून वेग बघा. वेष्टनावर १५०, १७० असा मोठा आकडा असतो. दुकानदार तोच दाखवतो. पण तो बहुधा कार्डातून बाहेर काढण्याचा वेग असतो. आपल्याला आत भरायचे आहे! त्याची हमी बारीक खुणांत असते. उघड्या कड्यासारख्या खुणेत १० असेल तर सेकंदाला निदान १० एमबी आत जाते. घोड्याच्या नालेसारख्या खुणेत ३ असेल, किंवा व्ही अक्षरापुढे ३० असेल, तर निदान ३० एमबी.

आता कॅमेऱ्याची पुस्तिका काढा. समजा, चित्रणाचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट लिहिला आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे साडेबारा एमबी झाले. १० वाले कार्ड अपुरे, ३० वाले भरपूर. त्याहून महाग कार्ड घेऊन उगाच पैसे घालवू नका. या वेगाने ६४ जीबीत सव्वा तासाहून थोडे जास्त चित्रण मावते. १२८ च्या एकापेक्षा ६४ ची दोन बरी. एक बिघडले तरी निम्मे लग्न हाती राहते. जुना कॅमेरा असेल तर विचारून घ्या. काही जुन्या कॅमेऱ्यांत ३२ जीबीच्या पुढचे कार्ड चालत नाही.

बाजारात नकली कार्डेही आहेत. वर १२८ लिहितात, आत ८ असतात. तेव्हा नवे कार्ड आधी घरीच, गोठ्यावर नाहीतर अंगणावर कॅमेरा लावून, पूर्ण भरेपर्यंत चालवा आणि शेवटपर्यंत पाहून घ्या.