कर्ज नाही म्हणून सिबिलही नाही? एफडीवरच्या पहिल्या क्रेडिट कार्डाने पत कशी तयार होते आणि कुठे बिघडते

"माझ्याकडे कुणाचा एक रुपया बाकी नाही, मग बँक कर्ज का देत नाही?" तालुक्याच्या बँकेत ट्रॅक्टर, गाडी किंवा गोठ्यासाठी कर्ज मागायला गेलेल्या अनेकांचा हा प्रश्न असतो. साहेब संगणकावर पॅन नंबर टाकतात आणि सांगतात, "तुमची सिबिलला नोंदच नाही." गावात उधारी न ठेवणाऱ्याची पत मोठी मानतात. बँकेच्या संगणकाला मात्र असा माणूस ओळखू येत नाही, कारण त्याने कधी कर्ज घेतलं नाही आणि त्यामुळे ते फेडलेलंही कुठे दिसत नाही.

मग तो माणूस जास्त व्याजाच्या फायनान्स कंपनीकडे जातो, नाहीतर सावकाराकडे. दोन-तीन लाखांच्या कर्जावर व्याजदरात पाच-सात टक्क्यांचा फरक पडला तर पाच वर्षांत किती पैसे जास्त जातात, हे ज्याने हप्ते भरलेत त्याला सांगायला नको. म्हणून ही नोंद कशी तयार होते ते समजून घेणं फायद्याचं आहे.

सिबिल म्हणजे नक्की काय?

सिबिल ही कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सगळ्यात जुनी, म्हणून बोलताना सगळ्यांनाच सिबिल म्हणायची सवय पडली. बँका आणि फायनान्स कंपन्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या कंपन्यांना पाठवतात. पूर्वी ती महिन्याला जायची, जानेवारी २०२५ पासून दर पंधरा दिवसांनी जाऊ लागली. त्या माहितीवरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो, तोच स्कोअर. साधारण ७५० च्या वर असेल तर चांगला समजतात. कर्ज द्यायचं की नाही हे सिबिल ठरवत नाही, ते बँकच ठरवते.

पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेतही तेच सांगितलं. बँकेत तोंडावर नकार मिळाला तर हा मुद्दा जरूर मांडा आणि नकाराचं कारण लेखी मागा. तरीही हातात चांगली नोंद असलेल्याचं काम लवकर होतं, ही वस्तुस्थिती आहे.

आणखी एक अडचण गावाकडचीच. गावची विकास सोसायटी आणि बहुतेक पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या थेट नियंत्रणात नाहीत. तिथे वीस वर्षं वेळेवर भरणा केला असला तरी तो सिबिलला दिसेलच असं नाही.

आधी रिपोर्ट बघा, मग कार्डाचं ठरवा

आपली पाटी कोरी आहे असं समजणाऱ्या अनेकांची ती कोरी नसते. दोन-चार वर्षांपूर्वी मोबाईलच्या दुकानात 'झिरो डाऊन पेमेंट'वर फोन घेतला होता, तेसुद्धा कर्जच. बचतगटामार्फत घेतलेलं कर्ज, मायक्रोफायनान्सचं कर्ज, मेहुण्याच्या ट्रॅक्टरला दिलेली जामीनकी, हे सगळं रिपोर्टमध्ये येऊ शकतं. मेहुण्याने हप्ते थकवले तर डाग जामीनदारालाही लागतो. शेवटचा शे-दोनशेचा हप्ता राहून गेल्याने वर्षानुवर्षं खातं 'थकीत' दिसतंय, असंही होतं.

चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम आहे. त्यांच्या स्वतःच्या वेबसाईटवर पॅन आणि मोबाईल नंबर टाकून तो मिळतो. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो कर्जासाठी एकामागून एक पाच ठिकाणी अर्ज टाकल्याने.

एफडीवरचं कार्ड

पगाराची स्लिप नाही, इन्कम टॅक्सचा रिटर्न नाही, अशा माणसाला साधं क्रेडिट कार्ड मिळणं अवघड. त्याच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे मुदत ठेवीवर, म्हणजे एफडीवर मिळणारं कार्ड. बँकेत दहा, पंधरा, वीस हजारांची एफडी करायची, बँक ती तारण म्हणून अडकवून ठेवते आणि त्यावर साधारण ८० ते १०० टक्के लिमिटचं कार्ड देते. किमान रक्कम प्रत्येक बँकेची वेगळी. एफडीचं व्याज चालूच राहतं. सिबिलला मात्र हे कार्ड बाकीच्या कार्डांसारखंच कळवलं जातं, आणि आपल्याला हवं असतं तेच.

कार्ड घेताना काउंटरवर दोन गोष्टी स्पष्ट विचारा: वर्षाची फी किती आणि सोबत एखादा विमा किंवा 'प्रोटेक्शन प्लॅन' चिकटवलाय का. 'पहिल्या वर्षी फ्री' आणि 'कायम फ्री' यात फरक आहे.

'एफडी आहेच, बिल नाही भरलं तर तिच्यातून कापून घेतील' असा विचार करणारेही भेटतात. बँक कापून घेते हे खरं. पण त्याआधी थकबाकीची नोंद सिबिलला गेलेली असते. म्हणजे एफडीही गेली आणि ज्यासाठी कार्ड घेतलं ते कामही बिघडलं.

कार्ड महिन्याचं, शेती हंगामाची

नोकरदाराला एक तारखेला पगार होतो, वीस-पंचवीस तारखेला कार्डाचं बिल भरायचं असतं. क्रेडिट कार्डाची सगळी मांडणी या महिन्याच्या चक्रावर आहे. शेतकऱ्याचा पैसा तसा येत नाही. सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास, कापसाचा वेचणीप्रमाणे, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. जूनमध्ये कार्ड घासून खत-बियाणं आणलं आणि सोयाबीन विकून भरू म्हटलं, तर मधे तीन-चार बिलं येऊन जातात. कार्डावर घात होतो तो इथे.

म्हणून शेतकरी घरात कार्डावर तेवढाच खर्च करावा जो महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पैशातून फिटेल. दुधाचा पगार, दुकानाचा गल्ला, घरातल्या कुणाचा कंपनीतला पगार. असं काहीच नियमित येत नसेल तर कार्डाच्या नादी न लागलेलं बरं.

समजा वीस हजारांच्या एफडीवर १८ हजारांचं लिमिट मिळालं. घरी दोन गाई आहेत, डेअरीचे पैसे दहा दिवसांनी खात्यात येतात. पशुखाद्याची दोन पोती, मोबाईल रिचार्ज, पेट्रोल एवढंच कार्डावर घ्यायचं, चार-पाच हजारांपर्यंत. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं, असा एक ठोकताळा आहे. १८ हजारांचे तीस टक्के म्हणजे ५,४००. हा काही कायदा नाही, पण दर महिन्याला लिमिट काठोकाठ वापरणारा माणूस बँकेला ओढाताणीत दिसतो. साधारण सहा महिने असं चाललं की स्कोअर दिसायला लागतो.

तारखांचा हिशोबही नीट लक्षात घ्या. बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख २५ आहे, असं धरू. ६ जून ते ५ जुलैपर्यंतच्या खरेदीचं बिल ५ जुलैला निघेल आणि ते २५ जुलैपर्यंत भरायचं. ७ जूनला घेतलेल्या पोत्याला ४८ दिवस बिनव्याजी मिळाले. ४ जुलैला घेतलेल्याला फक्त २१.

'मिनिमम ड्यू'चा सापळा

बिलावर दोन आकडे असतात: 'टोटल ड्यू' आणि 'मिनिमम ड्यू'. १२ हजारांचं बिल, मिनिमम ६०० रुपये. ६०० भरले की सुटलो, असं वाटतं. लेट फी लागत नाही, थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही, हे खरं. पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं, आणि ते अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर असतं. १२ हजारांवर महिन्याचं व्याज ४२०, त्यावर १८ टक्के जीएसटी ७६ रुपये. म्हणजे भरलेल्या ६०० पैकी मुद्दलात जेमतेम शंभर रुपये गेले. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. सावकाराच्या शेकड्याचे दर पाठ असलेल्या माणसाने हा दर एकदा त्याच्या शेजारी ठेवून बघावा.

बचत खात्यातून बिल आपोआप कापलं जाण्याची सोय करून घेता येते. ती करताना फॉर्मवर 'टोटल ड्यू'च निवडा, अनेक जण नकळत 'मिनिमम'वर खूण करून येतात. कार्डाने एटीएममधून रोख काढू नका: तीनशे-पाचशे रुपये फी लगेच लागते आणि व्याज त्याच दिवसापासून.

रुपे क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे किराणा दुकानाचा कोड स्कॅन करूनही कार्डाचे पैसे जातात. सोय चांगली आहे, पण खात्यातला पैसा गेला की उधारीचा, हे स्कॅन करताना जाणवत नाही. महिन्याअखेरीला बिल बघून डोळे पांढरे होण्यापेक्षा ॲपवर कोणतं खातं निवडलंय ते पाहून पिन टाका. आणि मित्राच्या मोबाईलसाठी आपलं कार्ड देऊ नका. हप्ता त्याने चुकवला तरी नाव तुमचंच खराब होतं.

किसान क्रेडिट कार्ड वेगळं

नाव सारखं असल्याने गोंधळ होतो. किसान क्रेडिट कार्ड म्हणजे पीककर्ज, आणि ते हंगामाला धरूनच बनवलंय. तीन लाखांपर्यंत सात टक्के व्याज, वेळेत फेडलं तर तीन टक्के सूट. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेवर भरणाऱ्याला आणखी सवलत मिळते. खत-बियाण्याचा खर्च इथूनच व्हायला हवा. नवं-जुनं करताना तारीख चुकवू नका. व्याजाची सवलत जाते आणि बँकेचं पीककर्ज असेल तर थकल्याची नोंद सिबिललाही जाते. पीककर्जासाठी बँकांनी सिबिलची अट घालू नये, असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलं आहे.

जुनं कर्ज तडजोडीत कमी पैसे भरून मिटवलं असेल तर रिपोर्टमध्ये ते 'सेटल्ड' दिसतं. पूर्ण फेडीनंतर येणारा 'क्लोज्ड' शेरा आणि हा शेरा बँक सारखा धरत नाही. पूर्ण कर्ज फेडल्यावर बेबाकी दाखला घ्या आणि दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये खातं बंद दिसतंय का बघा.

चूक दिसली तर?

न घेतलेलं कर्ज किंवा फेडलेलं खातं चालू दिसत असेल तर संबंधित सिबिल कंपनीच्या वेबसाईटवर किंवा बँकेत लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची माहिती १४४४८ वर मराठीतही मिळते. 'पाच हजारांत सिबिल ८०० करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि खोटी दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. लिमिट वाढवून देतो म्हणून ओटीपी मागणारा फोन आला तर ठेवून द्या, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.