तालमीनंतर कोणाकडे?

१९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस उभे करणारे मोहन आगाशे पेशाने मनोविकारतज्ज्ञ. १९९१मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच, आणि १९९७पासून काही वर्षं फिल्म इन्स्टिट्यूटची सूत्रंही त्यांच्याकडेच होती. ठाण्यात १९९०मध्ये ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था सुरू करणारे आनंद नाडकर्णी मनोविकारतज्ज्ञ तसेच नाटककार. आपल्याकडे रंगभूमी आणि मानसोपचार असे एकाच वाड्यात नांदत आले. तरीही नाटक शिकणाऱ्या मुलांना हक्काचा समुपदेशक मिळावा, हा विचार या वाड्यात फार उशिरा शिरला.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७चं, मुंबई विद्यापीठाची नाट्यशास्त्राची अकॅडमी २००३ची. पुण्याच्या केंद्राच्या नावातच ‘गुरुकुल’ आहे आणि तिथली नातीही बरीचशी तशीच. लातूर-नांदेडकडून आलेला मुलगा खचला तर सर त्याला घरी जेवायला नेत, प्रसंगी फी भरत, वडिलांना फोन करून समजावत. या मायेची टिंगल करण्यात अर्थ नाही; तिने कितीजणांना तारलं आहे. अडचण एवढीच, की प्रमुख भूमिका कोणाला द्यायची आणि मार्क किती टाकायचे, हेही तेच सर ठरवत. रात्र रात्र झोप लागत नाही, हे अशा माणसाला कोण सांगेल?

शिवाय हे शिक्षणच मन उसवणारं. अभियांत्रिकीच्या मुलाला कोणी म्हणत नाही, की आजी गेली तो दिवस आठव. अभिनयाच्या वर्गात म्हणतात. रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लावस्कीने भावनिक स्मृतीचा प्रयोग केला. पुढे तो स्वतः शारीरिक कृतींकडे वळला, पण अमेरिकेत ली स्ट्रासबर्गने ती स्मृती घट्ट धरून ठेवली आणि आपल्या शिबिरांतूनही ती आली. वर्गात एखादी मुलगी आठवणीत शिरते, हुंदके अनावर होतात, बाकीचे टाळ्या वाजवतात, सर म्हणतात ‘हेच हवं होतं’ आणि चहाची सुट्टी होते. तिला त्या आठवणीतून परत आणायचं काम वेळापत्रकात कुठेच नसतं.

अलीकडे काही दिग्दर्शक तालमीच्या शेवटी दहा मिनिटं राखून ठेवतात. सगळे गोल उभे राहतात, हातपाय झटकतात, पात्राची ओढणी किंवा काठी मध्ये ठेवतात आणि आपलं नाव, आज काय जेवलो, उद्या किती वाजता उठायचं, असलं साधंसुधं मोठ्याने सांगतात. याला डी-रोलिंग म्हणतात. आधी हसू येतं. पण बलात्काराचा प्रसंग महिनाभर बसवणाऱ्या मुलांना त्याची किंमत कळते. माझ्या मते नाट्यशिक्षणात गेल्या काही वर्षांत आलेली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा.

बाकीचं बाहेरच्या रेट्याने आलं. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने अंतर्गत समित्या आल्या, २०१८च्या ‘मी टू’ने त्यांच्याकडे जायचं बळ दिलं. २०२३मध्ये चेन्नईच्या ‘कलाक्षेत्र’ या नृत्यसंस्थेतल्या विद्यार्थिनी लैंगिक छळाच्या आरोपांवरून आंदोलनाला बसल्या, तेव्हा गुरू-शिष्य परंपरेबद्दलचे जुने प्रश्न उघड्यावर आले. समिती तक्रार ऐकते, हे ठीक. तक्रार करायची की नाही हे ठरेपर्यंतच्या रात्री मात्र ज्याच्या त्याच्या. मधल्या करोनाच्या टाळेबंदीत अभिनयाचे वर्ग मोबाइलवर भरले. एका खोलीच्या घरात, मागे आई भाकऱ्या थापत असताना, ओरडून स्वगत म्हणायचं कसं?

ब्रिटनमध्ये कलावंतांच्या आरोग्यासाठी ‘बापाम’ ही संस्था १९८४पासून आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनवरून समुपदेशनाची सेवा आली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तालीम रात्री एकला सुटणाऱ्यांना हीच मोठी सोय. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं, लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायला. आता नाट्यविभागाची तुकडी असते पंधरा-वीस जणांची. विद्यापीठाचा समुपदेशक कागदोपत्री त्यांचाही असतो, पण त्याचं दालन कचेरीच्या वेळेत उघडं आणि मुलं तेव्हा वर्गात किंवा नेपथ्य ठोकत. त्यातून त्याने तालीम कधी पाहिलेली नसेल, तर ‘नाटक थोडं कमी कर, अभ्यासाकडे लक्ष दे’ हा सल्ला ठरलेला. नाटक हाच अभ्यास आहे, इथून सुरुवात करावी लागते.

आणि ही सगळी व्यवस्था पदवीबरोबर संपते. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते: अंधेरीत चौघांत एक खोली, दिवसाला तीन ऑडिशन, ‘कळवतो’ म्हणून न आलेले फोन. तेव्हा ओळखपत्राची मुदत संपलेली असते आणि खासगी समुपदेशकाचं एका तासाचं शुल्क आठवड्याच्या मेसच्या बिलाशी ताडून बघावं लागतं. माजी विद्यार्थ्यांना निदान दोन वर्षं समुपदेशन खुलं ठेवणं एखाद्या विभागाला फारसं जड जाऊ नये.